घर नावाच्या डोंगरापाशी

आपल्या देशाच्या संशोधन तळाच्या मागच्या दाराने बाहेर पडले की पूर्वेला बर्फात एक डोंगररांग दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते डोंगर वाटतच नाहीत. पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला बर्फाचा थर इतका जाड आहे, की डोंगर त्यात गळ्यापर्यंत बुडालेले आहेत. वर राहिलेत ते नुसते काळे माथे, एकामागे एक, दूरच्या खाडीपर्यंत गेलेले. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळत नाही. तो रांगेभोवती फिरत राहतो आणि त्याच्याबरोबर माथ्यांच्या सावल्याही फिरतात, लांबतात, आखडतात. हवा जरा तापली-निवली की काही माथे बर्फापासून सुटून अधांतरी उचलल्यासारखे दिसतात. थोड्या वेळाने पाहावे तर पुन्हा आपल्या जागी. हे डोंगर एका जागी बसणारे नव्हेत, असे तळावरची जुनी माणसे म्हणतात.

नकाशावर या रांगेला कोणा परदेशी उमरावाचे नाव आहे. त्याने ती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. माथ्यांना तर नावेही नाहीत, नुसते आकडे. पण आपली माणसे ते आकडे वापरत नाहीत. तळाजवळच्या पहिल्या बुटक्या माथ्याला ती धक्का म्हणतात. त्यापुढे मासळी सुकवायचे वाळवण, मग वेताळाची धोंड, मग तिठा, मग बाव, म्हणजे विहीर, आणि मग घर. घर हा सगळ्यांत देखणा. दोन्ही बाजूंना उतरते छप्पर असावे तसा त्याचा आकार आहे आणि पुढच्या अंगाला पडवीसारखी खोबण आहे. त्या खोबणीत वारा शिरत नाही. दमल्याभागल्या माणसाने थांबावे तर तिथेच. आणि नेमके तिथेच कोणी थांबत नाही.

साळसकर मामा हे तळावरचे सगळ्यांत जुने वाहनचालक, मूळचे देवगडकडचे. दर उन्हाळ्यात नव्या माणसांना चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीतून रांगेच्या कडेने खाडीपर्यंत नेण्याचे काम त्यांच्याकडे असते. घरापाशी आले की गाडीतले कोणीतरी विचारतेच, "मामा, इथे आडोसा आहे. चहा घेऊ या का?" मामा गाडीचा वेग कमी करत नाहीत. "हय नको. फुडे," एवढेच म्हणतात. पुढचा माथा मागे पडला, उघड्यावर आले, वारा अंगाला झोंबायला लागला, की मग गाडी उभी करतात आणि चहाबरोबर ही हकिकत सांगतात.

फार वर्षांपूर्वी, इथे कोणाचाच तळ नव्हता तेव्हा, देवगडाखालच्या एका लहानशा गावात धाकू नावाचा खलाशी राहत होता. जातीचा गाबीत, म्हणजे दर्यावर्दी मासेमार, हाडापेराने मजबूत, पण त्याच्या पायाला जणू भिंगरी. घरी आला की दुसऱ्या दिवशी जाळी उलगडायचा, तिसऱ्या दिवशी होडीला रंग लावायचा आणि आठवड्यात पुन्हा मुंबईच्या गोदीत दिसायचा. जेवतानासुद्धा तो एक गुडघा उभा ठेवून बसे, म्हणे. हाक आली तर लगेच उठता यावे म्हणून. आई त्याला म्हणायची, तुला कोणी हाक मारत नाही रे, नीट मांडी घाल. तो हसायचा आणि तसाच बसायचा.

त्याची धाकटी बहीण चंद्रा डोंगरातल्या घाटीपलीकडे, शेजारच्या बंदराच्या गावात दिली होती. तिचा नवरा बाबल अगदी उलट स्वभावाचा. बोलणे कमी, हालचाल कमी. एखादी गोष्ट जेवढी असेल तेवढीच सांगणार, त्यात चिमूटभर मीठ घालणार नाही. एका वर्षी धाकूने त्याला गळ घातली. दक्षिणेकडच्या समुद्रात सील मारायला एक परदेशी जहाज चालले होते, खलाशी हवे होते. बाबलला जायचे नव्हते. लग्नाला वर्ष झाले नव्हते. पण धाकूने त्याच्यापुढे असे काही रंग भरले, की तो नाही म्हणू शकला नाही.

निघण्याच्या दिवशी चंद्रा बंदरावर आली. रडली नाही. भावासमोर उभी राहून म्हणाली, "दादा, ह्येंका तू नेतस. तूच आण."

धाकूने हातातला नारळ पाण्यात सोडला आणि सगळ्यांदेखत शब्द दिला. "ह्येका घेतल्याबिगर मी ह्या धक्क्याक पाय लावचंय नाय."

बोलून गेला खरा. पण जहाज जसजसे दक्षिणेला उतरू लागले तसतसा तो शब्द त्याला टोचू लागला. पाणी काळे झाले, मग त्यात पांढरे डोंगर तरंगू लागले. बाबल आपला निमूट काम करी, आणि धाकू कठड्यापासून कठड्यापर्यंत येरझाऱ्या घाली. आतापर्यंत त्याने एकट्याच्या जिवाची फिकीर केली नव्हती. दुसऱ्याचा जीव सांभाळायचा म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदाच कळत होते आणि ते त्याला झोपू देत नव्हते.

जहाज या किनाऱ्याला लागले ते आज जिथे आपला तळ आहे त्याच्या खालच्या अंगाला. कप्तानाने माणसे उतरवताना बजावून सांगितले होते. इथला बर्फ बेभरवशाचा. मध्येच बर्फ भरून आला आणि जहाजाला हटावे लागले, तर डोंगर उजव्या हाताला ठेवून पूर्वेला चालत सुटा. रांग संपते तिथे एक खाडी आहे, तिथले पाणी उशिरा गोठते. आम्ही तिथे येऊ. पण पाणी धरायला, म्हणजे गोठायला, लागले की कोणासाठीही थांबणार नाही.

आणि झाले तसेच. सीलची कातडी गोळा करून पहिली होडी जहाजावर गेली. उरलेले सामान सांभाळायला धाकू आणि बाबल किनाऱ्यावर राहिले. होडी परत यायच्या आत वारा फिरला. पाहता पाहता बर्फाच्या लाद्या एकमेकांवर चढत, कुरकुरत, किनाऱ्याला येऊन भिडल्या. जहाजाने भोंगा दिला, पुन्हा दिला, आणि ते हळूहळू धुक्यात मागे सरकत नाहीसे झाले.

बाबल म्हणाला, "थांबूया. बर्फ सुटात. जहाज परत येतला."

धाकू थांबला. जमेल तितका थांबला. दोघांनी शिडाच्या कापडाखाली आडोसा केला, सीलची चरबी जाळून मांस भाजले. पण धाकूला आत बसवेना. तो बाहेर जाई, बर्फ बघे, आत येई, पुन्हा बाहेर जाई. आभाळ दुधासारखे झाले होते. खाली पांढरे, वर पांढरे, सावली कुठेच नाही. अशा वेळी चालू नये, डोळे जातात, हे त्याने जहाजावर ऐकले होते. पण खाडीतले पाणी आत्ता धरत असेल, या विचाराने त्याचे पाय भाजल्यासारखे होत होते. शेवटी त्याने सामान बांधले. बाबलच्या आणि आपल्या कमरेला सील ओढायचा दोर बांधला आणि दोघे निघाले.

काळे माथे उजवीकडे होते. पांढऱ्यात तेवढीच काय ती खूण. पहिली मजल बरी झाली. दुसऱ्या मजलेला बाबल अडखळू लागला. मग तो थांबला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळू लागला.

"दादा, माझ्या डोळ्यांत रेव गेली काय रे? उघडूक होईनत."

धाकूने त्याचे हात बाजूला केले. डोळे लाल झाले होते, त्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. बर्फाच्या उजेडाने ते भाजून निघाले होते. धाकूकडे डोळ्यांवर बांधायला एक काळे विरळ फडके होते. त्यातून अंधूक दिसे आणि उजेड बोचत नसे. ते त्याने स्वतःच्या डोळ्यांवरून सोडले आणि दोन पदर करून बाबलच्या डोळ्यांवर घट्ट बांधले.

"दिसात," तो म्हणाला. "दोन दिसांत दिसाक लागात. पण आता फडक्या काढू नको."

बाबल बर्फावर बसला. "तू जा. जहाज गाठ, आणि माणसा घेऊन ये."

धाकूला ठाऊक होते, बसलेला माणूस इथे उठत नाही. थंडी आधी बोटांत शिरते, मग गुडघ्यांत, आणि मग ती गोड वाटायला लागते. त्याने दोर ओढला. बाबल उठला नाही. धाकू त्याच्यावर ओरडला, शिव्या घातल्या, हात धरून खेचले. बाबल म्हणाला, "काय दिसना नाय तर चलाचा खय? हय सगळा सारख्याच."

तेव्हा धाकूने मान वळवून मागे टाकलेल्या माथ्यांकडे पाहिले, मग पुढच्यांकडे. आणि त्याला काय सुचले कोणास ठाऊक. तो म्हणाला, "सारख्या कसा? तो बघ, मागे ऱ्हवलो तो धक्को. आपल्या बंदरावरचो. बुटको, एका बाजून खचलेलो."

धाकूने दोर पुन्हा ताणला.

"आणि ह्या वाळवण. वर सपाट, सुंगटा सुकत घातल्यासारख्या बारीक दगडांचा. आपण वाळवण वलांडून इलाव. आता फुडे वेताळाची धोंड हा."

बाबलने मान त्या बाजूला वळवली. मग फडक्याखालून बाबलचा आवाज आला. "मगे?"

"मगे उठ. चलल्याबिगर कशी दिसतली?"

बाबल उठला.

अशी ती नावे पडली, असे सांगतात. बंदरावरून बाबलच्या घरी जाणारी जी वाट होती, ती धाकूने त्या डोंगरांवरून नेली. वेताळाची धोंड आली तेव्हा त्याने तिचा शेंदूर सांगितला, जरी तिथे शेंदूर नव्हता, गंजलेल्या दगडाचा तांबूस पट्टा होता. तिठा आला तेव्हा तिथल्या चिंचेखाली कोण कोण बसले आहे ते सांगितले. बाबल मध्येच म्हणे, "तो नाय बसाचो थय. तो मेलो गेल्या शिमग्याक." धाकू म्हणे, "मगे त्येचो भाव आसात." आणि चालणे चालू राही. प्रत्येक माथा मागे पडला की बाबल विचारी, "मगे?" आणि धाकू पुढचा शोधी.

पण नावे सांगायची तर माथे नीट पाहावे लागत. अंतर किती, आकार कसा, मध्ये भेगा आहेत का. धाकू उघड्या डोळ्यांनी त्या दुधाळ उजेडात बघत होता. त्याच्या डोळ्यांतही आता बारीक बारीक सुया टोचू लागल्या होत्या. त्याने ते बाबलला सांगितले नाही. बंदरापासून घरापर्यंतची वाट संपत आली होती. तिठा झाला, बाव झाली, आणि पुढे, छप्परासारखा उतरत गेलेला तो देखणा माथा उभा होता. त्याला दुसरे काहीही म्हणता आले असते. पण बावीपुढे काय आहे हे बाबलला डोळे मिटून ठाऊक होते.

"मगे?" बाबलने विचारले.

धाकूने त्या माथ्याकडे पाहिले. "घर," तो म्हणाला.

बाबल थांबला. त्याने हात पुढे केले, चाचपडत त्या खोबणीत शिरला, आणि तिथे वारा लागेनासा झाला. त्याचा चेहरा सैल पडला. त्याने पाठीवरचे गाठोडे काढले, दगडाला टेकून बसला आणि पाय लांब केले. "इलाव," तो म्हणाला. "बरा झाला. आता माका जरा पडाक दी."

धाकू पाहतच राहिला. त्याने स्वतःच माणसाला घरापर्यंत आणले होते. घरी आलेल्या माणसाला उठ कसे म्हणायचे? त्याने दोर हलवला. "बाबल, खाडी अजून लांब हा रे." पण बाबल आता खाडी ऐकायला तयार नव्हता. त्याचे ओठ हसऱ्यासारखे झाले होते आणि बोलणे जड येत होते. धाकूने त्याच्या गालावर थापा मारल्या. गाल लाकडासारखे लागले. बाहेर समुद्राच्या बाजूने बर्फ कुरकुरत होता. पाणी धरते आहे, पाणी धरते आहे, असाच तो आवाज धाकूच्या कानांवर येत होता. त्याच्या डोळ्यांपुढे चंद्रा उभी राहिली, बंदरावरची. आणि त्याच्या तोंडून निघून गेले.

"अरे, बसतस काय? दाराक कुलूप हा."

बाबलच्या भुवया हलल्या. "काय हा?"

"कुलूप. चंद्रान दाराक कुलूप लायल्यान."

"चंद्रान कुलूप खयसून आणल्यान?" बाबल हळूच म्हणाला. "आमच्या घराक कधी कुलूप नव्हता."

"देवगडच्या बाजारातसून आणल्यान. घरात एकटी कशी ऱ्हवात? ती म्हायेराक गेली हा. आमच्या आयेकडे. घाटीपलीकडे." धाकूचा आवाज फाटत चालला होता, पण तो थांबला नाही. "ती थय तुझी वाट बघता आणि तू बंद दारात बसान काय करतलस?"

बाबलने पाठीमागचा दगड चाचपून पाहिला. पुढे म्हातारपणी तो सांगत असे, म्हणे, की कुलूप नव्हते हे मला तेव्हाही ठाऊक होते, घर नव्हते हेही ठाऊक होते. पण दादाला मी कधी रडताना ऐकले नव्हते. तेव्हा मी भिंतीला धरून उठलो आणि म्हटले, "मगे चल म्हायेराक."

घरापुढच्या उभ्या, अंगाने गोल माथ्याला म्हणून कुलूप म्हणतात. आणि घरापाशी कोणी थांबत नाही ते यासाठी.

कुलपाच्या पुढे डोंगरांची रांग एका ठिकाणी तुटते. तिथून बर्फाची एक रुंद नदी खाली समुद्राकडे सरकते. दिसायला स्थिर, पण तिच्यात आडव्या खोल भेगा आहेत, वरून भुसभुशीत बर्फाने झाकलेल्या. धाकूच्या गावी जाताना घाटीखाली असाच एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडावा लागे. म्हणून तो हिला व्हाळच म्हणाला. "पाणी कमी हा," त्याने बाबलला सांगितले. "माझ्या पावलार पाऊल टाक."

धाकूला तोवर नीट दिसत नव्हते. कडा दोन-दोन दिसत होत्या. निम्मा व्हाळ पार झाला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ आवाज न करता खाली गेला. तो छातीपर्यंत आत गेला, मग काखेपर्यंत, आणि त्याचे पाय निळ्या पोकळीत लोंबकळू लागले. बाबलला काहीच दिसले नाही. पण कमरेच्या दोराला हिसका बसताच तो जिथे होता तिथे मागे रेलून पडला आणि टाचा बर्फात रोवल्या.

"दादा!"

"ओढ!" धाकू ओरडला. "ओढ रे, जाळी ओढतस तसा!"

बाबलने ओढले. आंधळा माणूस, गारठलेली बोटे, आणि दोराच्या टोकाला आपल्याहून जड गडी. हातभर दोर येई आणि वीतभर सुटे. पण बाबल सोडणाऱ्यांतला नव्हता. शेवटी धाकूची कोपरे काठावर आली, मग गुडघे आले, आणि तो सरपटत बाबलच्या अंगावर येऊन पडला. दोघे तसेच धापा टाकत राहिले.

मग बाबल म्हणाला, "पाणी कमी हा म्हणालस."

धाकू हसला. रडलाही असेल. पण उठून पाहतो तर त्याला काही दिसेना. डोळ्यांत निखारे घातल्यासारखी आग होत होती आणि पापण्या उघडत नव्हत्या. पलीकडच्या सपाट माथ्याला त्याने आयेचे खळे, म्हणजे आईचे अंगण, असे नाव दिले होते, व्हाळात उतरण्याआधीच. ते त्याने दिलेले शेवटचे नाव.

"बाबल," तो म्हणाला, "माझे डोळे गेले."

बाबलने आपल्या डोळ्यांवरचे फडके वर सरकवले. पाणी आले, पण उजेड आत शिरला. धूसर का होईना, त्याला दिसत होते. त्याने ते फडके सोडून धाकूच्या डोळ्यांवर बांधले, दोराचा पुढचा फेर आपल्या कमरेला घेतला आणि भेगेला वळसा घालून चालायला लागला.

आता मागून येणारा धाकू होता. त्याला अंधारात चालणे सोसेना. आयुष्यभर पुढे धावलेला माणूस, त्याला कोणामागून चालायची सवय कुठली? थोडे चालून झाले, की तो विचारी, "काय दिसता?"

"डोंगर," बाबल म्हणे.

"कसो?"

"काळो."

"मगे?"

बाबल पाहून सांगे, "आणखी एक काळो."

"मेल्या, नीट सांग की! तुका काय रंग भरूक येनत नाय?"

"माका येनत नाय," बाबल म्हणाला. "जा काय हा, ता सांगतंय."

म्हणून त्या दोन माथ्यांची नावे आजतागायत काळा आणि आणखी एक काळा अशीच आहेत. तळावरच्या नव्या माणसांना याचे हसू येते.

आणखी एका काळ्यापाशी येईपर्यंत धाकूच्या पायांतले बळ सरले होते. व्हाळात बुटांत शिरलेला बर्फ वितळून पायांवरच पुन्हा गोठला होता. बाबलने माथ्याला वळसा घातला आणि पुढे पाहिले, तर रांग संपली होती. खाली खाडी होती. पाण्यावर तेलासारखी पातळ साय धरली होती आणि त्या सायीपलीकडे, हेलकावत्या काळ्या पाण्यात, जहाज उभे होते. त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. ते तोंड फिरवत होते.

"दादा, जहाज!"

धाकू तिथेच मटकन खाली बसला. "खोटा बोलतस," तो म्हणाला.

"अरे, जहाज हा! धूर सोडता!"

"मी तुका कुलपान फसवलंय, आणि तू माका जहाजान फसवतस," धाकू थकल्या आवाजात म्हणाला. "कळता माका. माका उठवूक म्हणान सांगतस. तू जा बाबल. चंद्राक सांग, मी शबुद मोडूक नाय. तुका हयपर्यंत आणलंय."

बाबलने जहाजाच्या दिशेने हाक मारली. वारा तोंडावर होता. हाक मागे डोंगरांत गेली. त्याने अंगातला सदरा काढून हलवला. जहाजावर कोणाचे लक्ष होते की नव्हते, कळत नव्हते. धाकूला उचलून न्यावे तर बाबलच्या हातांची कातडी दोराने सोलून निघाली होती, मूठ मिटत नव्हती. आणि धाकूला सोडून पुढे पळावे, हे त्याच्या मनाला शिवलेसुद्धा नाही, असे सांगतात. तो धाकूजवळ उकिडवा बसला. आयुष्यात त्याने नसलेली गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्याला जुळवाजुळव करायला वेळ लागला.

"बरा," तो शेवटी म्हणाला. "जहाज नाय. चुकलंय मी. डोंगर हा."

धाकूने मान हलवली. "काळो?"

"काळोच. पण त्येच्यावर तीन काठये हत. मधली उंच. आणि माथ्यावरसून धुक्या निघता."

"असो कसो डोंगर?"

"असो हा खरो. मी काय करू?"

धाकूने तोंड त्या दिशेला वळवले. मग, इतक्या वाटेत तो बाबलला जे सांगत आला तेच त्याने विचारले. "त्येचा नाव काय?"

बाबल म्हणाला, "जहाज."

धाकूचे खांदे हलू लागले. तो हसत होता. ओठ फुटून रक्त आले, तरी हसत होता. "शिकलस हां," तो म्हणाला. "चंद्राचो घोव शिकलो. चल, दाखव तुझो डोंगर." आणि त्याने हात वर केला.

बाबलने त्याला काखेत धरले आणि दोघे उतरले. वाटेत धाकू विचारीत होता, "किती ऱ्हवलो?" बाबल म्हणत होता, "ह्यो काय, इलो." त्यांचा हलणारा काळा ठिपका बर्फावर कोणीतरी पाहिला असावा, कारण जहाजाने भोंगा दिला. धाकूने तो ऐकला, पण वारा समजला. पाण्याच्या काठाशी होडी सायीचे तुकडे करीत येऊन लागली. माणसांनी धाकूला धरून आत ओढले तेव्हा त्याचा हात होडीच्या कडेवर पडला. त्याने ती कड चाचपून पाहिली, पुन्हा पाहिली.

"बाबल," तो म्हणाला, "तुझो डोंगर लाकडाचो कसो रे?"

पायांची काही बोटे धाकूने जहाजावर गमावली. डोळे आले, पण पुरते नाहीत. दूरचे त्याला पुढे धुरकटच दिसे. गावच्या बंदराला होडी लागली तेव्हा त्याने बाबलला आधी उतरवले आणि मग स्वतः धक्क्याला पाय लावला. चंद्राने दोघांना ओवाळले. पुढे बाबलकडून तिने सगळी हकिकत ऐकली तेव्हा ती धाकूवर फार रागावली, म्हणे. "नवरो दर्यात आणि मी दाराक कुलूप लावन म्हायेराक जायन? असा सांगितलंस तरी कसा?" धाकू भिंतीला टेकून बसला होता आणि पायांच्या फडक्याची गाठ पुन्हा पुन्हा सोडत, बांधत होता. दुसऱ्या दिवशी तो लंगडत बंदरावर गेला आणि जाळी उलगडू लागला.

बाबलने ती नावे जशीच्या तशी लक्षात ठेवली, एकही इकडचे तिकडे न करता. त्याच्या मुलांनी ती पाठ केली, त्यांच्या मुलांनी केली. कित्येक वर्षांनी आपली माणसे या बर्फावर पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्यात त्या किनाऱ्याचा एक होडीवाला होता. त्याने ही रांग पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि एकेका माथ्याकडे बोट करून नावे घ्यायला लागला. बावीपाशी पोचेपर्यंत बाकीच्यांचे हसणे थांबले होते.

आजही या वाटेने गाडी निघाली की पुढे बसलेला माणूस माथ्याचे नाव घेतो आणि मागच्याने विचारायचे असते, "मगे?" घरापाशी वेग कमी करायचा नाही, कितीही वारा असला तरी. व्हाळ दोर बांधूनच ओलांडायचा. नकाशातली रांग आणखी एका काळ्यापाशी संपते. त्यापुढे कुठलाही माथा नाही; उतार आहे, खाडी आहे आणि उघडे पाणी. साळसकर मामा तिथे गाडी थांबवतात, यंत्र चालू ठेवतात. मागून कोणीतरी, रिवाज म्हणून, विचारते, "मगे?"

समोर काही नसते. मामा पाण्याकडे बघत सांगतात, "जहाज."